बॉनेटवरची ऊब

जुनी डिझेल गाडी घ्यायची तर ती गार असताना बघायची, हा गारसाहेबांचा नियम. त्यांचं खरं नाव बाजारात कोणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं डिझेल पंप दुरुस्त करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर लोक जुनी गाडी घेताना त्यांना सोबत न्यायला लागले. गाडीपाशी पोचल्या पोचल्या स्वारी पहिलं काय करणार, तर उजव्या हाताचा तळवा बॉनेटवर ठेवणार. कोमट लागलं की संपलं. "आधीच चालू करून ठेवलीत होय? गार पाहिजे, गार!" असं म्हणून तडक चालायला लागायचे. मागून दलाल कितीही विनवण्या करो, वळून बघायची बात नाही. म्हणून गारसाहेब.

त्याला कारणही तसंच होतं. डिझेल इंजिन एकदा गरम झालं की आपले सगळे दोष पोटात दडवतं. झिजलेला पंप, दमलेले हीटर प्लग, ढिल्या रिंगा, काही म्हणता काही कळू देत नाही. गार इंजिन मात्र पहिल्या चावीला सगळं भडाभडा बोलून टाकतं. किती वेळ खोकलं, धूर काळा आला की निळा की पांढरा, टकटक कधी थांबली, एवढं नीट ऐकलं तर मालकाला एक प्रश्न विचारावा लागत नाही. "माणूस झोपेतून उठल्या उठल्या दिसतो ना, तो खरा. तसंच आहे हे," गारसाहेब गिऱ्हाइकाला सांगत. त्यांना स्वतःला झोपेतून उठल्या उठल्या बघणारं घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्यांसाठी त्यांनी दोनेकशे गाड्या निवडल्या असतील. स्वतःची एकही नव्हती. लग्न केलं नाही, मित्र जोडले नाहीत, मग गाडीतून जायचं तरी कुठे? दोन खोल्यांचं घर, एक खिडकी, एक खुर्ची. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि निघाला तर आपलाच आवाज घोगरा वाटून ते खाकरायचे. त्यामुळे त्या महिन्यात ते स्वतःसाठी गाडी शोधतायत हे कळल्यावर बाजारात सगळ्यांना मोठी गंमत वाटली. "काय गारसाहेब, आता या वयात कोणाला फिरवणार?" दलाल डोळे मिचकावत विचारायचे. गारसाहेब पुढच्या गाडीकडे वळायचे.

फिरवायचं होतं ताईला. म्हणजे फिरवायचं कसलं, आणायचं होतं. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच त्यांना वाढवलं होतं. मेहुणे वारल्यापासून ती चार तासांच्या अंतरावरच्या गावात एकटी राहत होती. गारसाहेबांनी तिला चारदा बोलावलं आणि चारही वेळा ती नाही म्हणाली. मग ती जिन्यात पडली, ऑपरेशन होऊन कंबरेत सळई बसली, आणि एका रविवारी तिनं आपणहून फोन केला.

"अरे, ऐकतोयस ना?"

"हं."

"हं काय हं! मी वृद्धाश्रमात नाव घातलंय. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा वाजता त्यांची गाडी येणार आहे मला न्यायला. त्याआधी तू आलास तर तुझ्याकडे येते."

"येतो. टॅक्सी करतो."

"टॅक्सी नको. परक्या माणसाच्या मागे चार तास मुकाट बसून यायला मी काय सामान आहे? आणि बसची पायरी मला चढवत नाही. तू स्वतः चालवत ये. आणि हे बघ, तुझ्या घरी आले तर माझ्याशी बोलायचं. चारदा नाही म्हटलं ते काय घर लहान म्हणून? तू बोलतच नाहीस रे. भिंतींशीच बोलायचं तर माझ्या भिंती काय वाईट आहेत?"

"बोलेन," गारसाहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आणखी दोन शब्द बोलायला हवे होते. पण कुठले, ते सुचेना.

तेरा दिवस होते. छोटी गाडी हवी होती, डिझेलच हवी होती (पेट्रोलच्या गाड्यांना ते शिलाई मशीन म्हणायचे), आणि वाटेत दगा देणारी नको होती. पहिली बघितली ती एका दातांच्या डॉक्टरांची. इंजिन असं घासूनपुसून धुतलेलं की त्यात बघून भांग पाडावा. "हिला काय दाखवायला बसवलंय का?" गारसाहेब म्हणाले. इंजिन धुतलं म्हणजे गळती झाकली, एवढं त्यांना पुरे होतं. दुसरीच्या ऑइलचं झाकण उघडलं तर किटलीसारखी वाफ यायला लागली. तिसरी सगळ्या परीक्षेत पास झाली, पण ती आयुष्यभर घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढीच चाललेली. डिझेलला लांबचा पल्ला लागतो. गल्लीबोळात फिरवलं की ते आतून काजळून जातं. असं करता करता पहिला आठवडा संपला.

चौथी गाडी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती, अगदी मागच्या रांगेत, भिंतीला चिकटून. चंदेरी रंगाची, चार दारांची, कुठे पोचा नाही. गारसाहेब सोमवारी सकाळी सात वाजता तिथे गेले. शेडमध्ये अजून रात्रीचा गारठा होता आणि बाकीच्या गाड्यांच्या काचांवर दव धरलं होतं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला.

ऊब होती.

"कोणी चालवली ही?"

"कोणी नाही हो साहेब," शेडवाला म्हणाला. "तीन आठवडे जागची हललेली नाही. पुढे दोन गाड्या आडव्या लागल्यात, तुम्हीच बघा की. बाहेर काढायची तर मलाच तासभर लागेल."

ते खरं होतं. पुढच्या दोन गाड्या दवाने भिजलेल्या होत्या. गारसाहेब खाली वाकले, खिशातून खडू काढला आणि टायरपासून खालच्या फरशीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "उद्या येतो. हात लावलात तर बघा."

मंगळवारी रेघ जशीच्या तशी होती. बॉनेट गरम होतं. समोरच्या काचेवर किडे चिरडलेले होते, हायवेवर तीन-चार तास गाडी हाणली की चिकटतात तसे. एकाचा पाय अजून हलत होता.

गारसाहेबांनी हात पुसला. मग पाना मागितला, बॅटरी सोडवून काढली, दोन्ही हातांनी उचलून शेडवाल्याच्या ऑफिसात नेऊन टेबलाखाली ठेवली आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या आपल्या खिशात घातल्या. शेडवाला बघतच राहिला. "साहेब, गाडी घेताय की तपास करताय?"

बुधवारी रेघ तशीच. बॅटरी टेबलाखाली. बॉनेट गरम. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून बोटाला लावली. ऑइल पातळ आणि कढत होतं, आत्ता कोणीतरी इंजिन बंद करून किल्ली काढली असावी असं. बॅटरी जोडून चावी फिरवली तर अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं आणि तापमानाचा काटा होता तो मधोमध. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं कानाशी धरलं. तीस वर्षांत एवढं नितळ चालणारं इंजिन त्यांनी ऐकलं नव्हतं. चारी सिलिंडर एका सुरात.

सर्व्हिसच्या पुस्तकात आधीच्या मालकांचा फोन नंबर होता. ते एक निवृत्त मुख्याध्यापक निघाले. आवाज दमलेला, पण माणूस सरळ वाटला.

"गाडीत दोष काय आहे ते खरं सांगा," गारसाहेब म्हणाले.

"काही नाही हो. एकदाही बंद पडली नाही."

"मग विकलीत का?"

"तिच्यातून कुठेही गेलो की उशीर झालेला असायचा."

"म्हणजे पिकअप कमी आहे?"

"पिकअप उत्तम आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "कितीही लवकर निघा. पोचलं की झालेलाच असायचा. तुमच्या घरी कोणी आहे का?"

"बहीण येणार आहे."

"असं," ते म्हणाले आणि आणखी काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात त्यांच्या घरात मागे कोणीतरी हसलं. त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

म्हातारपणी माणसं हळू चालवतात आणि खापर गाडीवर फोडतात, गारसाहेबांनी मनाशी म्हटलं. ऊब? पत्र्याची शेड, बंदिस्त जागा, लोखंड उष्णता धरून ठेवतं. दुसऱ्या कोणी हे स्पष्टीकरण त्यांना दिलं असतं तर त्यांनी त्याची सालटी काढली असती. पण शनिवार तीन दिवसांवर आला होता आणि इंजिन तर सोन्यासारखं होतं. दोनशे गिऱ्हाइकांना जे त्यांनी कधी करू दिलं नाही ते त्यांनी स्वतः केलं. गरम गाडी घेतली.

गुरुवारी सकाळी उठून ते आधी खिडकीखाली लावलेल्या गाडीपाशी गेले. तळवा ठेवला. ऊब होतीच. या वेळी मात्र त्यांनी हात काढला नाही. दुसराही ठेवला. सकाळच्या गारठ्यात आपल्या दाराशी काहीतरी ऊबदार आहे, आपली वाट बघत उभं आहे, असं काहीतरी त्यांना वाटलं. आपलीच लाज वाटली, पण बरंही वाटलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

मग पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. बेकरीवाल्या बाई गल्ल्यावरून हसल्या. "आता आणखी? पाहुणे आले वाटतं?"

"आणखी म्हणजे?"

"अहो, अर्ध्या तासापूर्वी नाही का घेऊन गेलात? आणि आज किती गप्पा! बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या लेकीची चौकशी केलीत. मी म्हटलं, साहेबांना झालंय तरी काय!" बाई खुशीत होत्या. "रोज असंच बोलत जा हो. छान बोलता."

बाईंना मुलगी आहे हेच गारसाहेबांना माहीत नव्हतं. बाईंची काहीतरी गल्लत झाली असणार. ते पाव घेऊन घरी आले, टेबलावर ठेवला, आणि दोन्ही खोल्यांमध्ये एकदा बघून आले. कोणी नव्हतं. अर्थात कोणी नव्हतं.

शुक्रवार ताईच्या तयारीत गेला. आतली खोली त्यांनी तिच्यासाठी रिकामी केली, दुसरी खुर्ची आणली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. गाडीत पुढच्या सीटवर तिच्या कंबरेसाठी उशी ठेवली. आणि मग खुर्चीत बसून वाटेत बोलायचे विषय आठवायला लागले. एकेक विषय काढायचे आणि तो दुसऱ्या वाक्याला संपायचा. चार तास कसे भरायचे? कप्पाळ! बोलणं म्हणजे काय पंप आहे, उघडून बघायला? पण ते हसलेसुद्धा. जमेल. समोर ताई बसली की जमेल.

शनिवारी ते पहाटे पाचला निघाले. अकराची मुदत, चार तासांचा रस्ता, वर दोन तास हाताशी. गाडीने कुठेही कुरबुर केली नाही. चढावर दम लागला नाही, उतारावर ब्रेक करकरले नाहीत. नऊला दहा मिनिटं असताना ते ताईच्या दारात पोचले.

दाराला कुलूप होतं.

खिडक्या बंद. गावाला जाताना ठेवतात तशी अंगणातली खुर्ची उलटी करून भिंतीला लावलेली. त्यांनी कडी वाजवली, हाक मारली. मग शेजारचं दार उघडलं आणि गळ्यात टेप अडकवलेल्या शिंपीणबाई बाहेर आल्या.

"अगंबाई! परत आलात? काही राहिलं का?"

"ताई कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?" बाई हसल्या. "तुमच्याबरोबर."

"आश्रमाची गाडी येऊन गेली का?"

"त्यांना तर तुम्हीच फोन केलात ना, येऊ नका म्हणून. इथेच उभं राहून केलात. चेष्टा करताय होय माझी सकाळी सकाळी?"

"मी आत्ता येतोय," गारसाहेब म्हणाले. आवाज घोगरा आला. ते खाकरले. "बाई, कोणाबरोबर गेली ती?"

शिंपीणबाईंचं हसू जरा कमी झालं. "तुमच्याबरोबरच हो. साडेआठला आलात. ट्रंकेला मी हात लावला, तुम्ही ताईंना धरून बसवलंत. मला तर किती बरं वाटलं. त्या नेहमी म्हणायच्या, भाऊ अबोल आहे. अबोल कसला, तुमचं तोंड मिनिटभर बंद नव्हतं. ताई हसून हसून डोळे पुसत होत्या."

"या गाडीतून?"

बाईंनी गाडीकडे बघितलं. "मग काय विमानातून?"

त्यांनी ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांचं लक्ष शेजारच्या सीटवर गेलं. उशी होती तिथेच होती. पण तिला मधोमध खोल खळगा पडला होता, आणि ते बघत असताना तो हळूहळू भरून आला.

परतीचा रस्ता त्यांनी कसा कापला ते त्यांना सांगता आलं नसतं. पुढे जाणाऱ्या प्रत्येक चंदेरी गाडीला गाठून त्यांनी आत डोकावून बघितलं. एकीत एक कुटुंब होतं. एकीत एकटाच माणूस होता, त्याने रागाने हॉर्न वाजवला. गाडी मागाल तेवढी पळत होती. पाय ठेवला की पुढे. गारसाहेब मोठ्याने म्हणत होते, "ताई, थांब. ताई, मी येतोय." एवढं मोठ्याने ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

भर दुपारी ते आपल्या गल्लीत वळले.

खिडकीखालची जागा रिकामी नव्हती. तिथे एक छोटी चंदेरी गाडी लावलेली होती. नंबर त्यांनी दोनदा वाचला. मग आपली गाडी रस्त्यातच सोडून उतरले आणि त्या गाडीला हात न लावता, अंग चोरून तिच्या बाजूने दारापर्यंत गेले.

खिडकी उघडी होती. ती ते कधी उघडत नसत. आत कपबशी वाजली.

त्यांनी किल्ली कुलपात घातली. ती फिरली. दार उघडलं नाही. आतून कडी होती.

त्यांनी बेल दाबली.

काठीचा आवाज आला, टक, टक. कडी निघाली. दार वीतभर उघडलं आणि फटीत ताई उभी राहिली. केस विंचरलेले, चेहरा प्रवासाने थकलेला पण प्रसन्न. इतकी प्रसन्न ती त्यांनी मेहुणे असतानासुद्धा पाहिली नव्हती.

"ताई," गारसाहेब म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. नीट, सौजन्याने, ओळख लागते का ते बघत.

"कोण हवंय आपल्याला?"

"ताई, अगं मी."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर कणव आली. आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि गारसाहेबांना स्वतःचा आवाज ऐकू आला. मोकळा, हसरा, जराही घोगरा नसलेला.

"कोण आहे गं ताई?"

"कोणी नाही रे," ताई मान वळवून म्हणाली. "बिचारे घर चुकलेत."